थर्मलमधून भिंतीपलीकडचं दिसत नाही

आधीच सांगून ठेवतो, थर्मल दुर्बिणीतून भिंतीपलीकडचं दिसत नाही. साध्या काचेपलीकडचंही नाही. नऊ वर्षं मी बहारीनमध्ये हीच यंत्रं विकतोय आणि दुरुस्त करतोय, तेव्हा "असेल रे एखादं नवीन मॉडेल" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे वाचू नये. "देवाची कृपा" म्हणणाऱ्यांनीही. मी चिंचवडचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. भुताखेताच्या गोष्टी सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठतो. पण इथल्या मराठी ग्रुपवर माझ्या नावाने जे काही फिरतंय ना... ते वाचून डोकं फिरलं. म्हणून काय झालं ते एकदाच लिहितो.

मीना सलमान बंदराजवळ आमचं गोडाऊन आहे. पुढे काउंटर, मागे लांब हॉल आणि हॉलच्या टोकाला आधीच्या भाडेकरूची जुनी कोल्डरूम. तिचं कूलिंग कधीच बंद पडलंय, पण पत्र्याच्या चार इंच जाड भिंती आणि तसलंच दार शाबूत आहे. आम्ही तिथे रिकामी खोकी टाकतो.

हिवाळ्यात सौदीत शिकारीला जाणारे शौकीन आमच्याकडे येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच – थर्मल घेऊ की नाइट व्हिजन? माझं उत्तर पाठ आहे. थर्मल ऊब दाखवतं, म्हणजे अंधारात कुठे जीव आहे ते चटकन कळतं. पण तो ससा आहे की कुणाच्या शेळीचं करडू, हे ओळखायला नाइट व्हिजन बरं. मग हॉलमधले दिवे मालवून डेमो. आमचे स्टोअरकीपर बस्त्यावकाका, वसईचे, वय अठ्ठावन्न, शुगरचे पेशंट. ते डाव्या कोपऱ्यात खोक्यांमागे स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकाने त्यांना शोधायचं. शोधलं की काका उजवा हात वर करतात. तोवर तोंडातून आवाज काढायचा नाही, नाहीतर गिऱ्हाईक कानाने शोधतं. हा नियम माझाच.

गेल्या जुलैमधली गोष्ट. सकाळचे साडेअकरा. जवळच्या जिदहफ्स गावचे अबू हसन आले होते, साठीचे, जुने शिकारी. मी आत हाक मारली, "काका, बसा जागेवर!" उत्तर आलं नाही. यायचंच नव्हतं. मी दिवे मालवले.

आधी नाइट व्हिजन दिलं. अबू हसननी खोक्यांवरची अक्षरंसुद्धा वाचून दाखवली. स्टूल दिसलं. "आदमी मफी," म्हणाले, म्हणजे माणूस नाही. स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, काका बाथरूमला गेले असणार, मनात चरफडलो. वेळ मारून न्यायला थर्मल हातात दिलं.

"उधर. बैठा है," ते लगेच म्हणाले. "हाथ ऊपर किया."

बोट समोर, कोल्डरूमच्या दाराकडे. मी यंत्र घेऊन पाहिलं. दारावर माणसाचा आकार होता. बसलेला, उजवा हात वर.

आता, गुळगुळीत पत्रा थर्मलला आरशासारखा असतो, हे मला माहीत होतं. शहाणा ना मी! म्हटलं, "बाबा, वो आप ही हो. पत्रे में रिफ्लेक्शन आता है."

"हम खडा है. वो बैठा है."

"अँगल का फरक है, बाबा."

"हमारा दोनों हाथ तुम्हारा मशीन पकडा था. उसका हाथ ऊपर कैसे?"

यावर मी काय करावं? बॅटरी बदलली. कॅलिब्रेशन केलं. काउंटरवरून दुसरा पीस आणला. त्यातही तेच! तरी मी त्या भल्या माणसाला उष्णता, पत्रा आणि सेन्सर यांवर व्याख्यान देत राहिलो. दहा मिनिटं गेली. शेवटी ते खेकसले, "खलास! दरवाजा खोलो!" आणि अंधारात चाचपडत गेले, दार त्यांनीच ओढलं.

काका आत पालथे पडले होते. हात अंगाखाली.

खोकी ठेवायला आत गेले आणि दार मागे लागलं. आतली कडी मोडकी. त्यांनी ऑफिसला तीनदा सांगितलं होतं, उत्तर एकच – मेल करा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पेनाने रजिस्टर लिहिणारा, त्याला म्हणे मेल करा! त्या भिंतींमधून ठोकल्याचा आवाज बाहेर येत नाही. शुगर उतरून ते कोसळले. अबू हसनच्याच गाडीतून हॉस्पिटलला नेलं. अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कडी एका तासात बसली. मेल न करता. रिपोर्टमध्ये 'कर्मचाऱ्यांची सतर्कता' असं लिहिलं गेलं. कोणाची? माझी? आणि आमचा सेल्समन आता गिऱ्हाइकांना सांगतो, "अपना थर्मल दीवार के पार देखता है." त्याला मी दोनदा झापलंय.

मी सगळं करून पाहिलं. काकांनीच हट्ट केला म्हणून त्यांना आत बसवून दार लावलं, कडी मीच धरून होतो. दारावर काही नाही, कोरं. समोर उभा राहिलो तर माझंच धूसर प्रतिबिंब, उभं. दोन्ही पीस सर्व्हिसला पाठवले. दोष नाही म्हणून परत आले.

हॉस्पिटलमध्ये काकांना विचारलं होतं, "हात वर का केला होतात?"

"हात? पडलेलो ना मी," ते म्हणाले. "पण तुझी हाक ऐकली बघ. मला वाटलं, स्टुलावरच बसलोय. त्यांनी शोधलं, म्हणून हात वर केला."

माझी हाक त्या दारातून आत जाऊच शकत नाही. पण मी तो वाद घातला नाही. विचारलं, "मग ओरडला का नाहीत?"

"डेमो चालू होता ना रे."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ग्रुपवरच्या विद्वानांकडेही नाही, त्यांनी उगाच आव आणू नये. मला राग येतो तो त्या दहा मिनिटांचा, आणि ती माझी होती. आता मी दिव्यांपाशी उभा राहून हाक मारतो आणि काका खोक्यांमागून "आहे रे, आहे" म्हणेपर्यंत बटणाला हात लावत नाही. गिऱ्हाईक कानाने शोधतं. शोधू दे.