गाळलेलं प्रकरण

मला विज्ञानकादंबऱ्यांचं वेड लागलं ते चाळिशी उलटल्यावर. सेलूत लोक हसतात, हसू देत बापडे. गेल्या महिन्यात वडिलांचं, म्हणजे दादांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्याला पट्टी लावून ते माझ्याकडं राहायला आले. दोन दिवसांत कंटाळले. म्हणाले, "दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसायलीस, तर जरा मोठ्यानं वाच की."

कादंबरी लय भारी होती. लांबच्या ग्रहावर एकटा राहिलेला माणूस आणि त्याच्या यानात मेलेल्या बायकोच्या आवाजात बोलणारं यंत्र. गावाकडं वालूरच्या देवळात चातुर्मासात पोथी ऐकतात, तसे दादा मांडी घालून, हात जोडून ऐकायचे. मधे कुणी बोललं की डाफरायचे. प्रकरण संपल्यावरच चहा.

शेवटून दुसरं प्रकरण मी आधीच वाचलेलं होतं. यान चालू राहावं म्हणून तो माणूस ते यंत्र स्वतःच्या हातानं बंद करतो. मी ढसाढसा रडले होते. आईला जाऊन दोनच वर्षं झालेली, दादांना हे कशाला ऐकवायचं? तिथवर आल्यावर मी ते गाळून गुपचूप पुढचं प्रकरण सुरू केलं.

"थांब. किती पानं उलटलीस एकदम?"

"चिकटली होती."

"खोटं बोलू नको. पोथीत अध्याय गाळला तर पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतंय."

"ही काय पोथी हाय का, दादा?" मी चिडलेच.

"ऐकायला बसलं की पोथीच. वाच."

झक मारत वाचलं. बटण दाबायच्या आधी ती बायको एवढंच म्हणते, वेळेवर जेवत जा.

दादांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "बोलून तरी गेली. तुझी आई मला काईच न बोलता गेली. दवाखान्यात मी बाकड्यावर झोपलेलो. दोन साल झाले, तेवढंच डोक्यात फिरायलंय."

आई गेली त्या पहाटे तिच्याजवळ मी होते. दादांना हाक मारायला उठले, तर तिनं माझा हात धरला. उठवलं नाही म्हणून दादा मला कधी माफ करणार नाहीत, या भीतीनं मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं.

"दादा, आई म्हणली, त्यांना उठवू नको. चार रात्री जागलेत माझ्यापायी. झोपू दे."

"असं म्हणली?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.