न लागणारी ओळ

मला पसारा खपत नाही. बाबा कारखान्यात स्टोअरकीपर. त्यांना सुतळीचा तुकडाही टाकवत नसे. देवासच्या आमच्या दोन खोल्यांत बिनझाकणाच्या बरण्या होत्या, माझं तिसरीतलं फाटकं दप्तरसुद्धा होतं. त्यावरून आमची रोज जुंपायची.

एमसीएच्या शेवटच्या वर्षी मी हौसेनं हॅस्केल या फंक्शनल भाषेत प्रोजेक्ट केला. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी कोड तपासणाऱ्या कंपायलरनं एकच वॉर्निंग दिली: अमुक मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, इम्पोर्ट केलंय, पण त्यातलं काहीच वापरलेलं नाही. पुढे कंसात आणखी काहीतरी होतं. कंस वाचतो कोण! इम्पोर्टची ओळ उडवली आणि बाबांना ऐकवलंही, "बघा, याला म्हणतात सफाई."

प्रोग्रॅम बंद पडला. चूक दाखवली भलत्याच ओळीत, जिला मी महिनाभर हात लावला नव्हता. सहाला लाइट जाणार, सकाळी इंदूरहून परीक्षक येणार. ती ओळ मी चारदा बदलली आणि रडकुंडीला आले.

बाबा चहा घेऊन मागे उभे होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणाले, "काय बिघडलं ते जाऊ दे. आखिर में काय काढलंस?"

लाज वाटली, पण सांगितलं.

"लाव परत."

लावली. चालला! मग कंस वाचला: त्यातले नियम आतून लागत असतील तर गोष्ट वेगळी. त्या मॉड्यूलला मी नावानं कुठंच हाक मारली नव्हती. फंक्शन पडद्यावर कसं छापायचं, एवढा नियम ते त्या भलत्या ओळीला मुकाट्यानं पुरवत होतं.

बाबा खूश झाले. "आमच्याकडे दरसाल वर्षभर न उचललेल्या मालाची यादी निघते. बॉयलरचा एक राखीव वॉल्व्ह हमेशा तिच्यात असतो. मी त्याला चिठ्ठी बांधलीय, 'हटाना मना है', आणि खाली कारण. कारण नसेल तर पुढचा माणूस फेकणारच."

लाइट जायच्या आत मी त्या ओळीशेजारी रोमन अक्षरांत तेच लिहिलं, कारणासकट.

परीक्षकांनी नेमकी तीच वॉर्निंग पकडली. शेजारची टीप वाचून मोठ्यानं हसले. "ये किसने सिखाया, बेटा?"

"पापा ने. स्टोअर में हैं."

पास झाले. घरी आले तर सुतळीवर, बरण्यांवर, सगळीकडे चिठ्ठ्या: हटाना मना है. कारण: लागेल. दप्तरावरही एक होती. तिच्यावर कारणाच्या जागी फक्त माझं नाव होतं. मला इतकं भरून आलं, की पास झाल्याचं सांगायचंच विसरले.