टेलरबाई आणि उघड्या पानांचा खेळ

टेलरबाईंचं दुकान म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्याच्या दुकानाचा मागचा कोपरा. एक शिलाई मशीन, एक उभा आरसा आणि भिंतीला लावलेलं इस्त्रीचं टेबल. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची, असली कामं. नवा कपडा त्यांनी क्वचितच शिवला. नवरा गेला आणि बाईंचं बोलणंच आटलं. गिऱ्हाईक आत आलं की त्या चार टाचण्या ओठांत धरायच्या. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

त्यांना पुन्हा बोलतं केलं ते धाकट्या दिरांनी. भावोजींचा उभा जन्म लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात गेला होता. लग्न केलं नाही, घरी एकटेच. बाकीचे नातेवाईक सांत्वनाला येत, डोळे पुसत आणि चहा पिऊन जात. भावोजी एका रविवारी दुपारी आले ते खिशात पत्त्यांचा जोड घेऊन.

"वहिनी, बटणांचा डबा काढा. स्टड पोकर शिकवतो."

"जुगार?"

"पैसे लावले तर जुगार. बटणं लावली तर डोक्याला व्यायाम."

खेळ बाईंना आवडला, कारण त्यात बोलायचं थोडं आणि बघायचं फार. प्रत्येकाला सात पानं. पहिली दोन झाकलेली, मग चार सगळ्यांसमोर उघडी, शेवटचं पुन्हा झाकलेलं. तिसऱ्या पानापासून दर पानाला बोली. झेपलं तर पुढे जायचं, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं. शेवटी सातांतली उत्तम पाच धरायची: जोडीहून तीन सारखी पानं मोठी, आणि त्यांहूनही मोठी एकाच रंगाची पाच, म्हणजे पाच बदाम किंवा पाच किलवर.

"आपल्या पानांच्या प्रेमात पडू नका," भावोजी सांगत. "आधी दुसऱ्यांची उघडी पानं बघा. तुमच्या हातात दोन राण्या आहेत आणि उरलेल्या दोघी दुसऱ्यांच्या दारात उभ्या आहेत, तर तिसरी काय आभाळातून पडणार? आणि कुणी पानं टाकली की ती उचलली जातात. गेली म्हणून विसरायची नाहीत. गेलेल्यांची आठवण ठेवणाराच या खेळात टिकतो."

हे बोलून ते पानं पिसू लागले. भावाचं नाव न घेता ते त्या रविवारी त्याच्याबद्दल तेवढंच बोलले. बाईंना ते पोचलं. त्यांनी उठून चहा टाकला.

रविवार येत गेले. मग भावोजींचे डोळे बिघडले. नजरेच्या अगदी मधोमध धूसर डाग पडला, कडेचं तेवढं दिसायचं. हातातलं पान नाकाशी धरून ते ओळखायचे, पण टेबलापलीकडची उघडी पानं म्हणजे नुसते पांढरे ठिपके. या खेळात ती दिसली नाहीत तर उरलं काय? मग बाईच एकेक पान वाचून सांगू लागल्या आणि त्या नादात स्वतःही तरबेज झाल्या.

भागातल्या क्लबात दरवर्षी स्टडची स्पर्धा व्हायची. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, सगळ्यांना सारख्या आणि जिंकणाऱ्याला एक कप. भावोजींची ती स्पर्धा कधी चुकली नव्हती. त्या वर्षी त्यांनी क्लबाच्या चिटणीसबाईंना विचारलं, "वहिनी शेजारी बसून मला पानं सांगतील, चालेल का?"

चिटणीसबाईंना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, "एका खुर्चीवर दोन डोकी बसवता येणार नाहीत हो. उद्या सगळेच मागतील."

"बरोबर आहे तुमचं," म्हणून भावोजी वळले आणि तिथल्या तिथे म्हणाले, "मग खुर्चीवर वहिनी बसतील."

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर नाव लागलं होतं.

मग सुरू झाली शिकवणी. भावोजींना बोलायला नुसतं निमित्त हवं होतं.

"पहिल्या तासात स्पर्धा कुणी जिंकत नाही, हरतात मात्र पुष्कळ. चिप्स संपल्या की सरळ घर. तेव्हा सुरुवातीला हात राखून."

"आणि नंतर?"

"नंतर हात राखून चालायचं नाही. दर डावाला सगळ्यांनी आधी टाकायच्या चिप्स वाढत जातात. बसून खाल्लं तर डोंगरही सरतो. तेव्हा तुमचं उघडं पान सगळ्यांत मोठं असेल आणि आधीच्यांनी पानं टाकली असतील, तर बेधडक वाढवा. दारावर वाघाचं कातडं टांगलंय. आत शेळी आहे का, ते बघायला कोण येतंय?"

"आलंच कुणी तर?"

"तर शेळी घेऊन गुपचूप बाहेर पडायचं. पाचव्या पानापासून बोली दुप्पट होते. उंबरठा तिथेच. ओलांडायचा तर विचार करून ओलांडा."

स्पर्धेच्या दिवशी बाईंनी हे सगळं ऐकलेलं असूनही पहिल्याच तासात माती खाल्ली. हातात तीन बदाम आले आणि त्या हुरळल्या. टेबलावर आधीच पाच बदाम उघडे पडले होते, तिकडे पाहिलंच नाही. शेवटच्या पानापर्यंत बदामाची वाट बघत गेल्या आणि निम्म्या चिप्स गमावून बसल्या. कान तापले. उठून जावं असंच वाटलं. पण चिप्स उरल्या असताना उठायचं कसं, एवढ्या संकोचापायी त्या बसून राहिल्या, आणि तेच पथ्यावर पडलं. पुढे त्या डावामागून डाव पानं टाकत गेल्या. गप्प बाईची सगळ्यांना सवय झाली. मग डावाआधी टाकायच्या चिप्स वाढल्या तेव्हा उघड्या एक्क्यावर त्यांनी वाढवलं आणि टेबलावरचे सगळे निमूट बाजूला झाले. आत होती दुर्री आणि सत्ती.

दुपार उतरता उतरता त्या शेवटच्या टेबलावर पोचल्या.

तिथे पानं वाटायला होते एक निवृत्त बस कंडक्टर. दोरीपलीकडे बघ्यांच्या खुर्च्या, त्यांत पहिल्या रांगेत भावोजी. मान तिरकी करून नजरेच्या कडेनं काही टिपता येतं का, ते बघत होते. शेजाऱ्याला विचारायला गेले, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. भावोजींनी मान खाली घातली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

बाईंनी हे पाहिलं. दिवसभरात त्या चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या.

"कंडक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा आला, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "कंडक्टरसाहेब, उघडं पान टाकताना मोठ्यानं सांगाल का? मागे माझे भावोजी बसलेत. हा खेळ मला त्यांनीच शिकवला. त्यांना पानं दिसत नाहीत."

सगळ्यांनी चिटणीसबाईंकडे पाहिलं. "उघडं पान सगळ्यांचंच असतं," त्या म्हणाल्या. "सांगायला काय हरकत आहे?"

"सांगा, सांगा," समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलाही पलीकडची छक्की आणि नव्वी एकच दिसतेय."

कंडक्टरांनी घसा साफ केला आणि पुढचा थांबा पुकारावा तशी पानं पुकारू लागले. "डॉक्टरीणबाई, बदाम राणी. टेलरबाई, किलवर चौकी." भावोजींची मान वर आली. एकेक पान ऐकून ते बोटांवर काहीतरी मोजत होते, मध्येच स्वतःशी हसत होते.

शेवटी दोघीच उरल्या. बाईंच्या झाकलेल्या पानांत दोन दश्श्या होत्या, पाचवं पान तिसरी दश्शी आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी उंबरठा ओलांडला आणि होतं ते सगळं पुढे सरकवलं. डॉक्टरीणबाईंनीही तेवढंच लावलं. त्यांच्या समोर दोन बदाम उघडे, झाकलेलेही दोन. त्यांचं पाचवं पान काळं होतं, सहावंही काळं आलं. सातवं त्यांनी उलटलं.

"बदाम पंजी," कंडक्टर हळूच म्हणाले.

पाच बदामांपुढे तीन दश्श्या काय करणार? बाई दुसऱ्या आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

घरी जाताना भावोजी त्यांच्या कोपराला धरून चालत होते. "तीन दश्श्यांवर मीही सगळं लावलं असतं," ते म्हणाले. "चूक काही नाही तुमची. बदामाच्या डावाबद्दल मात्र बोलू नंतर."

"बोला. पण आधी मला एक बोलू द्या." बाई थांबल्या. "हे गेले त्या वर्षी तुम्ही आला नसतात, तर मी बोलणंच विसरले असते. कधी म्हटलं नाही मी हे."

भावोजींनी काठीनं फुटपाथची कड चाचपली. "मी काय उपकार करायला येत होतो होय? माझाही भाऊच गेला होता. घरी बसवत नव्हतं. तुम्ही दार उघडत होतात, हे काय कमी झालं?"

दोघं पुढे चालू लागली.

पुढच्या वर्षी चिटणीसबाईंनी सगळ्याच टेबलांवर पानं पुकारायला लावली. भावोजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्पर्धेला बसले आणि पहिल्याच तासात दोन राण्यांच्या प्रेमात पडून बाहेर आले. बाई तिसऱ्या टेबलावर खेळत होत्या. भावोजी दोरीपाशी खुर्ची ओढून बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आता जरा गप्प बसा. आमच्या वहिनींची पानं ऐकायची आहेत."