बिडाची घसरगुंडी

आमच्या कॉलनीतल्या बालोद्यानाच्या फाटकावर सहा चेहरे हसत असतात आणि त्यातला एकही लहान मुलाचा नाही. डिजिटल बोर्ड पावसात फाटतो, चेहरे बदलतात, हसणं तेच राहतं. पूर्वी मला या बोर्डांची गंमत वाटायची. आता त्यांच्याखालून जाताना मी मान खाली घालते.

गेल्या पावसाळ्यात एका तापानंतर माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही पायांतलं बळ गेलं. डाव्या पायातलं परत आलं. उजव्याचं मात्र अडून बसलं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला बोलावून स्पष्ट सांगितलं की, हे काही महिने महत्त्वाचे आहेत, या काळात पाय जे परत मिळवेल ते त्याचं, पुढे फार आशा धरू नका. आणि मूल व्यायाम करत नाही, ते खेळतं, म्हणून तिला रोज बागेत न्या, चढू द्या, लोंबकळू द्या. फक्त तिचा पाय तुम्ही हाताने उचलून ठेवू नका. तो तिनेच उचलायचा.

जवळची बाग म्हणजे हे बालोद्यान. त्याला उद्यान म्हणायला मोठं मन लागायचं. दोन झोपाळ्यांपैकी एकाची फळी गेलेली, नुसत्या साखळ्या लोंबत असायच्या. सी-सॉ एका बाजूला कायमचा टेकलेला. गवतात बाटल्यांच्या काचा. लग्नसराईत शेजारच्या कार्यालयातल्या पाहुण्यांच्या गाड्या थेट वाळूत लागत. पण कोपऱ्यात एक बुटकी पत्र्याची घसरगुंडी होती. तळाशी पत्रा गंजून भोक पडलेलं, तिथे कुणीतरी पोतं बांधून ठेवलं होतं. तिची शिडी वाकडी होती, पण पायऱ्या जवळजवळ होत्या. कुणी केली होती कोण जाणे. करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूल होतं एवढं नक्की.

त्या शिडीवर माझी मुलगी पुन्हा चढायला शिकली. आधी नुसती खाली उभी राहून दांडे धरायची. मग एके दिवशी पहिली पायरी. उजवा पाय वर घेताना ती ओठ दाबून माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे बघायचं नाटक करायचे. नंतर दुसरी. दिवाळीच्या सुट्टीत तिने तिसरी गाठली, तिथे बसली आणि जाहीर केलं की ही पायरी माझी. दुसरं कुणी मूल तिथे थांबलं तर ती खालून ओरडायची. वरच्या दोन पायऱ्या उरल्या होत्या. पलीकडून घसरत खाली येणं हे तिच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं काम होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

त्यानंतर बालोद्यानाचं सुशोभीकरण ठरलं.

भूमिपूजनाला हलगी होती, फेटे होते आणि ज्या जमिनीचं पूजन झालं ती आधीपासून तिथेच होती. आमच्या मंडळाचे अध्यक्ष मनाने वाईट नाहीत. शिरोली एमआयडीसीत त्यांची छोटी फौंड्री आहे, बिडाचे भाग ओततात. आजवरची सगळी खेळणी मोडली, याचा त्यांना खरोखर राग होता. आता खेळणी आपल्या फौंड्रीत स्वखर्चाने करू, नातवंडांची नातवंडं खेळली तरी मोडणार नाहीत, असं त्यांनी माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं.

काम तसं लवकर झालं, रेंगाळलं ते लोकार्पण. नवी खेळणी प्लॅस्टिक गुंडाळून उभी होती, पण ज्या साहेबांच्या हस्ते फीत कापायची त्यांची तारीख मिळेना. मी अध्यक्षांकडे गेले. माझ्या मुलीचं सगळं सांगितलं, बागेच्या मागच्या बाजूने रोज अर्धा तास आत सोडा म्हणाले. त्यांनी चहा मागवला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "वहिनी, थोडी कळ काढा की. फीत कापायच्या आधी पोरगी चढली तर साहेबांस्नी काय वाटंल?" साहेबांना काय वाटेल हे मला खरंच सुचेना. मी पुन्हा गेले, आणि पुन्हा. शेवटी शेवटी मला येताना बघून त्यांच्या पत्नी चहाचं आधण ठेवायच्या.

शहरातल्या मोठ्या बागेत रिक्षाने नेऊन बघितलं. तिथे रविवारच्या गर्दीत मागून कुणाचा तरी धक्का लागला, ती पडली आणि परत तिकडे जायला रिक्षात बसेना. घरी उशांचे ढीग, पाट, जिन्याच्या पायऱ्या, सगळं करून झालं. जिन्यावर ती भिंत धरून उजवा पाय ओढत न्यायची. "हा खेळ नाही," ती म्हणायची. बरोबर होतं तिचं. संध्याकाळी आम्ही फाटकाशी उभ्या राहायचो आणि प्लॅस्टिकच्या आत कुठला आकार कशाचा आहे ते ओळखायचो. आंघोळ घालताना मी तिच्या दोन्ही पोटऱ्या हातात धरून बघायचे. मग बघायचं सोडून दिलं.

लोकार्पणाला मुलांना उन्हात फुगे देऊन उभं केलं होतं. साहेब उशिरा आले. मोबाइलमुळे बालपण हरवतंय, यावर ते बराच वेळ बोलले. त्या वेळात हरवायला शिल्लक होतं तेवढं हरवून झालं असावं. मग फोटोसाठी त्यांनी गोल चक्राला हात घालून ढकललं. चक्र हललं नाही. पुन्हा ढकललं. तालमीतले दोघे पुढे झाले, खांदे लावले, तेव्हा ते एकदा कण्हून थोडंसं फिरलं. "लई मजबूत हाय," असं साहेब म्हणाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मुलगी घसरगुंडीकडे निघाली होती. मी मागे. घसरगुंडी उंच, काळी, चकचकीत. शिडीला बिडाच्या जाड पायऱ्या, एकीत नि दुसरीत फौंड्रीतल्या गड्याच्या ढांगेएवढं अंतर. माळ्यावर चढायला ते लोक करतात तशीच शिडी होती ती. पहिली पायरी तिच्या मांडीशी आली. तिने दांडे धरले, डावा पाय कसाबसा वर टेकला आणि उजवा उचलायला गेली. ओठ दाबले. पाय जमिनीवरून सुटेना. या वेळी मला दुसरीकडे बघता आलं नाही. मागून एक थोराड मुलगा, "ए, हल की," म्हणाला आणि तिच्या बाजूने वर गेला.

ती खाली उतरली. "आई, माझी शिडी कुठं आहे?"

मला वाटलं, जुनी घसरगुंडी मागे कुठे टाकली असेल. मागून घेऊ, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी करू. मी अध्यक्षांना गाठलं. फेट्याखालून घाम पुसत त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"टाकीन व्हय, वहिनी? भट्टीत घातली. जुनं काय सुदिक वाया जाऊ दिलं न्हाय." त्यांनी नव्या शिडीवर थाप मारली. "ह्यातच हाय की ती."

मधे एखादी पायरी जोडून मिळेल का, असं मी विचारलं. माझा आवाज विनवण्या करणाऱ्या बाईचा झाला होता, तो मला ऐकू आला. ते म्हणाले, करू की, पण आज लोकार्पण झालं नि उद्या वेल्डिंग लावलं तर लोक हसतील, जरा दिवस जाऊ द्या.

दिवस गेले. व्यायामाच्या बाईंनी परवा टेपने तिचा पाय मोजला, आकडा लिहिला आणि मुलीला लिमलेटची गोळी दिली. माझ्याशी त्या हवापाण्याचं बोलल्या.

आम्ही अजून रोज जातो. इतर मुलंही आता फारशी येत नाहीत. चक्र फिरत नाही आणि उन्हात बीड तापतं. माझी मुलगी डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवते आणि उजव्याची वाट बघते. तो येत नाही. मग ती उतरते आणि हाताला लागेल त्या पायरीवर बोटांच्या गाठींनी वाजवून, कान लावून ऐकते. तिची तिसरी पायरी ह्यातच कुठेतरी आहे, असं अध्यक्षकाकांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं.

सगळ्या सारख्याच वाजतात.