स्टेजवरचा तीन नंबर

माझा धंदा वायफाय बसवण्याचा. करंट असला की डबा चालतो, नसला की बंद... मधलं काही नसतं. म्हणून असले न उलगडणारे अनुभव मी आजवर चहा पीत, हसत वाचायचो. आता हसायची पाळी तुमची!

गोष्ट गंगाखेडची, गेल्या उन्हाळ्यातली. तिथल्या एका नव्या मंगल कार्यालयात मीच वायफाय बसवलं होतं — छताला सहा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्या पांढऱ्या थाळीसारख्या डब्या, आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक कंट्रोलर. पहिलंच लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशूचं.

वैशूचा सगळा जीव मामांवर. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामा उभा राहतो, आणि आमचे मामा त्यांच्या गावी, चुडाव्याला पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेले. कडब्याच्या गंजीवरून घसरले होते. मामांनी पाहिलं नाही तर लग्न लागल्यासारखंच वाटणार नाही म्हणून वैशू रडरड रडली. मी छाती ठोकून सांगितलं, अक्षता पडेपर्यंत व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवतो.

म्हणून लग्नाच्या सकाळी नवरीचा भाऊ कुठे, तर स्टोअररूममध्ये लॅपटॉप घेऊन! मामांच्या कॉलसाठी वेगळं नेटवर्क काढलं. कंट्रोलरने दर मिनिटाला प्रत्येक डबीची खबर घ्यायची आणि लॅपटॉपवर ओळ टाकायची, असं मॉनिटरिंग लावलं. काकू येऊन टोमणा मारून गेल्या, की नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो, तोही आता वायफायवरूनच पिळणार का.

एवढं सगळं केलं... आणि कंट्रोलर जनरेटरच्या लाईनवर घ्यायचाच राहिला.

अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि लाईट गेली. जनरेटरवर पंखे, माईक चालू झाले, वायफाय ठप्प. मोबाईलच्या नेटवर्कने पाहुण्यांच्या गर्दीत आधीच मान टाकलेली. माझा फोन धरून स्टेजसमोर उभ्या असलेल्या चुलतभावाने मला खूण केली — मामांचा कॉल तुटला, स्क्रीन काळी.

मी स्टोअररूमकडे पळालो. कंट्रोलर बंद, सगळ्या डब्यांच्या वायरी जिथे येतात त्या नेटवर्क स्विचचा एकही दिवा लागलेला नाही. पण बॅटरीवरच्या लॅपटॉपवर ओळी येतच होत्या... पॉइंट तीन, चालू, एक जण जोडलेला. मिनिटाने पुन्हा तीच ओळ, नव्या वेळेसह. मी लॅपटॉपची नेटवर्कची वायर उपसून काढली. तरी ओळ आली.

तीन नंबर म्हणजे बरोबर स्टेजवरची डबी. अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, भीती नाही वाटली. कुणीतरी माझी चूक सांभाळून घेतंय असं वाटलं. बाहेर शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री कडाडली आणि ओळी थांबल्या.

लाईट आल्यावर मामांचा फोन आला. वैशूचं तोंड एवढंसं झालेलं. मी स्पीकर लावून माफी मागायला लागलो, तर मामा खुशीत.

"माफी कशाची? मला तर अक्षता पडंस्तोर समदं दिसलं. पर फोन येवढा वर कुठं टांगलता रे? समद्यांची टकुरीच दिसायलती."

माझ्या फोनवर तर कॉल लाईट गेली तेव्हाच संपलेला. आणि त्या डबीला कॅमेरा नसतो हो! भाचीचं मन राखायला मामा बोलतायत, असं मी धरून चाललो. तेवढ्यात ते वैशूला म्हणाले, "आन् तू गं, अंतरपाटावरून नवऱ्यावर हळूच तांदूळ उडवलेस की. ते बिचारं वर बघायलतं. लय हसलो मी."

अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एकदम दिसायच्या तर वरूनच दिसणार.

वैशूने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळेना. मग म्हणाली, "दादा, ते मीच टाकले. कुणालाच म्हाईत न्हाई, ह्यांनाबी न्हाई."

डब्या बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारून झालं. त्याने सेटिंग्ज परत तपासायला लावल्या. तपासल्या, सगळ्या बरोबर आहेत आणि उत्तर काही सापडलेलं नाही. मी अजून अधूनमधून डोकं खाजवत बसतो. वैशूला मात्र उत्तर नकोच आहे. तिचे मामा तिच्या लग्नाला होते.