बाबांना बुडवायचं नाही

नसीम, मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी मला खाडीपार नेलं ते रोजच्या खेपेतच. लेक सासरी निघालीय म्हणून होडी रिकामी ठेवावी, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. शाळेची पोरं होती, टोपली घेतलेली कोळीण होती, कोर्टाच्या तारखेला निघालेले दोघे भाऊ होते, आणि त्या दाटीत मी, माझी पत्र्याची पेटी आणि नवेकोरे बूट चिखलापासून वाचवत बसलेला माझा नवरा, फारुक. "कडेला टेकू नको, मधी बस," एवढंच बाबा मला म्हणाले, तेही सगळ्यांना म्हणतात तसंच. आई धक्क्यावर उभी होती. शेवटची सूचना तिनं ओरडून दिली, त्यामुळे ती अख्ख्या होडीनं ऐकली: "तिकडं कोनाला जास्ती सांगत बसू नको. इचारलान तर सांग." पलीकडे पोचल्यावर बाबांनी पेटी उतरवली आणि माझ्याकडे न बघता परतीची माणसं भरायला लागले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. आता वाटतं, बघितलं असतं तर त्यांना वल्हं मारता आलं नसतं.

हे आई-बाबांजवळ राहिलेल्या तुझ्यासाठी लिहितेय आणि दोह्यात, कुवेतमध्ये गेलेल्या आपल्या सगळ्यांसाठीही. ग्रुपवर मी माझ्या गोष्टीच्या पुस्तकाचा फोटो टाकला तेव्हा त्यांच्यातल्या इम्राननं विचारलं होतं, एवढ्याशा पुस्तकाला एवढा वेळ कसा लागला. अंगठा दाखवून गप्प बसला असता तर बरं झालं असतं. आता विचारलंच आहे तर सांगते.

फारुकला द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात नोकरी होती आणि आम्हाला घर हवं होतं. ब्रोकर मोठा गोड माणूस. प्रत्येक ठिकाणी आधी म्हणायचा, "फॅमिली एकदम चांगली आहे," आणि मग नाव सांगायचा. नाव सांगितल्यावर सोसायटीला अचानक आठवायचं की फ्लॅट मालकाच्या भाच्याला द्यायचा आहे. असे दोन भाचे झाले. शेवटी खांदेश्वरला एका म्हात्र्यांनी घर दिलं. त्यांची भातशेती जाऊन तिथं तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या काही खोल्या त्यांच्या होत्या. त्यांनी फारुकला एकच प्रश्न विचारला, "मावरा खाता ना? मंग झाला तर." मासे खातो एवढ्यावर घर मिळालं म्हणून घरी येऊन आम्ही दोघं हसलो, आणि मग मी थोडी रडले. सुटकेनंच असावं.

इथे रुळायला मला वेळ लागला तो भलत्याच गोष्टीत. गावात आपला दिवस भरती-ओहोटीवर चालायचा. ओहोटी लागली की आई पदर खोचून तिसऱ्या-शिंपल्या काढायला चिखलात उतरायची, भरती आली की बाबांची खेप सुरू. इथे चोवीस तास पाणी, चोवीस तास लिफ्ट, आणि तरी सगळ्यांना उशीर झालेला. सनाच्या जन्मानंतर मात्र ओळखी झाल्या. वरच्या मजल्यावरची वैशाली, मूळची कराडची, तिचा अद्वैत आणि आमची सना एकाच वर्गात. आमच्या पातेल्यांची इतकी अदलाबदल झाली की कुठलं कुणाचं ते आता दोघींनाही सांगता येणार नाही.

तुला शाळेतलं पुस्तकांचं कपाट आठवतं? गुरुजी मला त्याची किल्ली द्यायचे. मी होडीत बसून वाचायचे. त्या गोष्टींमधले मुसलमान ठरलेले असत. एक अत्तर विकणारा. एक सुरमा घातलेला, मिशा पिळणारा क्रूर सरदार. आणि एक म्हातारे चाचा, इमानी, हिंदी मिसळून बोलणारे, जे शेवटी कुणाच्या तरी बाळासाठी जीव देत. गंमत सांगू? मला कधी वाटलंच नाही की हे आपल्याबद्दल आहे. आपल्यात कोणी अत्तर विकत नव्हतं. आपण चौगुले, घरात मराठी, ताटात भाकरी-कालवण. पुस्तकातले मुसलमान म्हणजे लांब कुठेतरी राहणारे दुसरेच लोक असावेत, अशी माझी समजूत होती. आणि आपलेच हाल होते असंही नाही. गोष्टीत शेंडीवाला भट आला की तो खादाड, कोळीण आली की भांडखोर, वाणी आला की लबाड, किरिस्ताव आला की झिंगलेला. लिहिणारी माणसं वाईट नव्हती. बहुधा त्यांना घाई होती, आणि तयार कपडे अंगावर चढवले की माणूस पटकन उभा राहतो.

तर मागच्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांचं नाटुकलं होतं. वैशालीनं एका गोष्टीवरून बसवलं होतं. पूर येतो, चाचा गावच्या मुलाला वाचवतात आणि स्वतः वाहून जातात. चाचा म्हणजे आमची सना. कापसाची दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. पोरगी इतकं छान मेली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात, मीही वाजवल्या. घरी आल्यावर दाढीचा डिंक गालावरून निघेना म्हणून मी तेल लावून पुसत होते, तेव्हा सनानं विचारलं, "मम्मा, गोष्टीत आपल्यातलं कोणी चांगलं असलं की ते मरतंच का? न मरता चांगलं नाही राहता येत?"

खरं सांगते, मी घाबरले. ही पोर नऊ वर्षांची. अजून दोन-तीन वर्षं ती गोष्टींची पुस्तकं वाचेल, मग मोबाईलमध्ये जाईल. तेवढ्यात तिच्या हातात एक तरी गोष्ट पडायला हवी होती, जिच्यात तिच्यासारखी मुलगी आहे आणि शेवटी सगळे जेवायला बसतात. शोधली, मिळाली नाही. म्हणून लिहायला बसले.

गोष्ट साधी होती. बाबांसारख्या एका तरीवाल्याच्या होडीत एक बकरी चढते आणि उतरायलाच तयार होत नाही. तिला ओढण्यात वेळ जातो, ओहोटी लागते आणि होडी चिखलात रुतते. आता भरती येईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. तरीवाला, त्याची मुलगी, पाटलांचा नातू, मासेवाली आणि बकरी. मग डबे उघडतात, भांडणं होतात, भेंड्या होतात. मुलीची आई चिखलातून चालत येऊन सगळ्यांना शिव्या घालून जाते. भरती येते, होडी सुटते. संपली गोष्ट.

बेलापूरला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एक बाई आहेत. फार मायेच्या. त्यांनी मला लिंबाचा चहा दिला, गोष्ट वाचून मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे. पण रुबिना, यातून मुलांनी घ्यायचं काय? आणि ही मंडळी मुस्लिम आहेत हे कळतच नाही बघा. चौगुले म्हटल्यावर वाचक गोंधळेल." त्यांनी सुचवलं, मुलीनं 'अब्बाजान' म्हणावं, शेवटी ईद यावी. आणि मग अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "होडी पुरात उलटली तर? तरीवाला पाटलांच्या नातवाला काठाला लावतो, पण स्वतः... मुलं रडतील हो. शाळा उचलून धरतील." चित्रकाराकडून नमुन्याची दोन चित्रंही आली होती. तरीवाल्याला हातभर दाढी. आणि तिसऱ्या काढणारी आई काळ्या बुरख्यात, गुडघाभर चिखलात. ते चित्र बघून मला हसू आलं. एवढा लांबलचक बुरखा घालून आपली आई चिखलात उतरली असती तर तिसऱ्यांनीच तिला बाहेर काढलं असतं.

बाईंनी विचार करायला आठवडा दिला. बाबांना बुडवलं तर पुस्तक निघणार होतं, नाही बुडवलं तर बहुतेक नाही. फारुक म्हणाला, "आधी एक छापून तर येऊ दे, पुढच्यात वाचव त्यांना." तोही चुकीचं बोलत नव्हता. पण ते पुस्तक सनाच्या हातात द्यायचं होतं ना. तिला मी काय सांगणार होते, की बेटा, मीही शोधलं, दुसरा रस्ता नाही?

शेवटी बाबांनाच फोन लावला. म्हटलं, ज्यांना बुडवायचंय त्यांना विचारावं तरी.

"माला बुडवतात?" बाबा म्हणाले. "आपल्या खाडीत?"

"हो. पुरात."

"कोनाला वाचवताना?"

"पाटलांच्या नातवाला."

पलीकडे पान चावल्याचा आवाज. मग म्हणाले, "अगो, त्याला पवायला मीच शिकवलंय. आता माज्यापेक्षा बरा पवतो तो. उलटली होडी, तर तोच माला काढील." आणि जरा थांबून, दुखावल्यासारखे, "आन पुरात होडी घालीन कशाला मी? येडा हाय काय?"

नसीम, मी किती हसले म्हणून सांगू. आठवतं ना तुला, दर मे महिन्यात बाबा गावातल्या झाडून सगळ्या पोरांना धक्क्यावरून पाण्यात ढकलायचे. पाटलांची, कोळ्यांची, आपली, गुरुजींचा तो भित्रा मुलगासुद्धा. होडीत बसणाऱ्याला पोहता आलं पाहिजे, हा त्यांचा नेम. त्यात धर्म नव्हता नि त्यागही नव्हता, बुडणारं पोर काढायला उडी मारण्याचा कंटाळा होता.

हे सगळं मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसायला लागल्या त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मग चष्मा पुन्हा घालून म्हणाल्या, "मी त्यांना चांगलं दाखवायला बघत होते हो."

"ते चांगलेच आहेत," मी म्हटलं. "आणि अजून आहेत."

बाईंनी कागद पुढे ओढले. "शाळा घेतील की नाही सांगता येत नाही. थोड्याच प्रती काढू. पण ते ढकलण्याचं यात घाला." मी घातलं. नातवाला पाण्याची भीती वाटते आणि होडी सुटायची वाट बघता बघता तरीवाला त्याला चढत्या पाण्यात ढकलतो. बकरी आपली वरून बघत राहते. ईद नाही आली. 'बाबा' तेच राहिले.

चित्रकार बिचारा सोलापूरकडचा, त्यानं खाडीच पाहिली नव्हती. "फोटो पाठवा," म्हणाला. पुढचं तुला माहीत आहे, कारण तो पराक्रम तुझा आणि आईचा. चिखलात उतरलेल्या आईचा साधा फोटो मागितला, तर आईसाहेब तुझ्या लग्नातली जरीची साडी नेसून, गजरा माळून उतरल्या. त्यानं इमानेइतबारे तसंच काढलं. आता महाराष्ट्रातल्या काही मुलांची अशी समजूत होणार आहे की कोकणातल्या मुसलमान बायका जरीची साडी नेसून तिसऱ्या काढतात. होऊ दे. ही चूक तरी आपली आहे.

पुस्तक आलं तेव्हा सनानं ते सोफ्यावर पालथं पडून वाचलं. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. ती दोनदा हसली. संपल्यावर आत आली आणि म्हणाली, "भूक लागली." मी काहीतरी मोठं ऐकायची वाट बघत होते, पण तेवढंच. चपाती वाढताना मला कळलं की तिला पटलंय.

वैशाली दोन दिवसांनी पुस्तक घेऊन खाली आली. बराच वेळ भलतंच बोलत बसली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी मी सनालाच दाढी लावली बघ. दुसरं कोण डोळ्यासमोर आलंच नाही की. वाईट वाटलं असेल तुला." मी म्हटलं, "वाटलं. पण टाळ्या मीही वाजवल्या." मग दोघी चहा प्यायलो. यंदाचं नाटुकलं याच गोष्टीवर करायचं, असं तिनंच ठरवलं. मुलांत हाणामारीची वेळ आली, कारण तरीवाला सगळ्यांनाच व्हायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, अद्वैत निघाला. सनाला विचारलं तर ती म्हणाली, बकरी. होडीभर माणसांना छळते आणि कुणी तिला काही करू शकत नाही, हे तिला आवडलं होतं.

इतकी वर्षं मी इथल्या लोकांना घर म्हणजे काय ते सांगत आले. आमच्याकडे असं नसतं, आम्ही असं बोलत नाही, आम्ही तसं खातो. आईनं बजावलं होतं तरी सांगत बसले, कारण सगळे विचारत होते, किंवा न विचारता मनात धरून होते. घर म्हणजे माझ्यासाठी एक खुलासा होऊन बसलं होतं. त्याचा मला थकवा आला होता, हे आता कळतंय.

चिठ्ठ्या टाकल्या त्या संध्याकाळी वैशाली समोर बसलेली असताना बाबांचा फोन आला. त्यांना एकच कळायचं होतं, "नाटकात मी कोन झालोय?"

"अद्वैत. वरच्या मजल्यावरचा."

"त्याला पवता येतं?"

मी वैशालीकडे बघितलं. तिनं मान हलवली. "नाही म्हणते त्याची आई. पाण्याला घाबरतो."

"मग मे महिन्यात घेऊन ये त्याला," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. बाबांना पोहण्यापलीकडे काही सांगायचं नव्हतं.

मी वैशालीला तसंच सांगितलं, काही न जोडता. तिनं विचारलं, "ढकलतील ना गं नक्की? आमच्याच्यानं त्याला ढकलवत नाही."