नोझल आणि तुराटी

माझ्या नवऱ्याचा समोरचा वरचा दात मी पाडला आहे. लग्नाकार्यात कोणी विचारलं तर तो सांगतो, मोटरसायकलवरून पडलो. मी जवळ असले तर तिथल्या तिथे म्हणते, "नाई जी, म्या मारलं." बायका खो खो हसतात. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

आमचं गाव मेडशीपासून जवळच. शेतात सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. श्रावणात अळी पडली की सगळ्या शिवारात एकाच आठवड्यात फवारणी सुरू होते आणि घरात भाकरीलासुद्धा औषधाचा वास येतो. माझा नवरा आमचं रान फवारायचा, शिवाय चार घरचंही. पाठीवर पंप, अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा. पंपाच्या नोझलमधे कचरा अडकला की फवारा बंद पडतो. मग आमच्याकडचा गडी काय करतो? नोझल काढतो, ओठात धरतो, जोरात फुंकतो, थुंकतो आणि परत बसवतो. काडी शोधायला वेळ कोणाला आहे!

मी कितीदा बोलले असेन. तो म्हणायचा, "माहा बाप बी असाच फुंके. तुले काय समजते त्यातलं?" त्याचा बाप साठीच्या आत खोकून खोकून गेला होता. सासूबाईंनी त्याचा सगळा दोष बिडीला दिला होता आणि त्यावर घरात कोणी बोलत नव्हतं.

एका दुपारी तो पंप घेऊन घरी आला आणि ओसरीवर बसला तो बसलाच. तोंडातून लाळ गळत होती, बनियन घामाने आणि औषधाने ओला. मी हनुवटी धरून चेहरा वर केला. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. मग ओकारी सुरू झाली.

सासूबाई तांब्याभर मिठाचं पाणी घेऊन धावल्या. "पाज त्याले, सारं पडून जाईन," म्हणत त्यांनी त्याचा जबडा दाबला आणि पाणी ओतायला लागल्या. त्याला ठसका लागला, तो निळा पडायला लागला. आशाताईने अंगणवाडीत सांगितलं होतं की अशा माणसाला काही पाजायचं नाही, कपडे काढायचे, साबणाने धुवायचं, डबा सोबत घ्यायचा आणि दवाखाना गाठायचा. मी तांदूळ निवडत अर्ध्या कानाने ऐकलं होतं. तेवढ्यावर मी हाताच्या फटक्याने तांब्या उडवला. सासूबाईंनी माझ्या थोबाडीत दिली. मी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं आणि त्या भिंतीवर आदळल्या. सून म्हणून अकरा वर्षं मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

मी त्याचं बनियन टरकावलं. लेक बादल्या आणत होती आणि मी त्याला बैल धुवावा तसा घासत होते. शेजाऱ्यांनी बोलावलेला वाडीतला जीपवाला दारात आला, नवऱ्याची ओकारी पाहून म्हणाला, "सीट खराब होईन वैनी, दुसरी गाडी पाहा." मी रस्त्यावरचा दगड उचलला आणि समोरच्या काचेवर धरला. "दार उघड, नाईतर काच फोडीन!" त्याने दार उघडलं. आजही तो मला पाहिलं की काच पुसायला लागतो.

वाशिमच्या दवाखान्यात मी आधी औषधाचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. इंजेक्शनवर इंजेक्शन सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तो बिथरला. भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणून ओरडायचा, सलाईन उपटायचा. मी धरायला गेले तर त्याने मला बुक्की मारली आणि माझी भुवई फुटली. तिघांनी मिळून पट्ट्यांनी त्याचे हात खाटेला बांधले. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनचा असर आहे, उतरेल." रक्त डोळ्यात उतरत होतं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. बुक्कीत जोर होता, म्हणजे गडी जगणार होता.

तो जगला. मारल्याचं त्याला काही आठवत नाही. भुवईवरच्या व्रणाकडे बोट दाखवलं की खाली पाहतो.

पुढच्या श्रावणात मी मास्क आणला, हातमोजे आणले. पौर्णिमेला सकाळी मी आणि सासूबाई पांढरी पातळं नेसून विहारात गेलो, पंचशील घेतलं. जीवहिंसा करणार नाही, हे त्यातलं पहिलंच. तिथून तशाच नवऱ्याची भाकर घेऊन वावरात गेलो. मी पुढे होते, सासूबाई मागून येत होत्या.

तो बांधावर बसला होता. मास्क बोरीच्या फांदीला लटकलेला. हातात नोझल. त्याने मला पाहिलं नाही. त्याने ते नोझल उचललं आणि ओठात धरलं.

कुंपणाला गेल्या सालच्या तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, लावल्या होत्या. मी एक जाडजूड उपटली आणि हाणली. पहिलाच तडाखा नोझलवर बसला, नोझल दातावर. मग पाठीवर, हातावर, जिथे बसेल तिथे. भाकरीचं फडकं चिखलात पडलं.

"खाटेले बांधून ठेवलं होतं तुमाले! लेकराले बिन बापाचं करता का?"

"अवं, काहून मारून राह्यली? दात पडला माहा!" तोंडातून रक्त येत होतं.

"दात पडला ना? तोंड हाय अजून!"

मला माझीच भीती वाटत होती, पण हात थांबत नव्हता. तुराटी मोडली तेव्हा मी दुसरी उपटायला वळले आणि सासूबाई समोर उभ्या होत्या. आता थोबाडीत बसणार, म्हणून मी गाल पुढे केला. बसू दे, म्हटलं.

त्या माझ्या बाजूने निघून गेल्या. मुलाजवळ बांधावर बसल्या.

"तुह्या बापाले म्या कदी मारलं नाई रे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फांदीवरचा मास्क काढून त्याच्या मांडीवर टाकला, पोलक्याला लावलेली पिन काढली आणि नोझलचं भोक साफ करायला लागल्या.